सगळ्यांचं उडून झाल्यावर

हां, तर ते जीपचं काल अर्धवटच राहिलं. टेकडीच्या पहिल्याच वळणावर जीप अशी काही तिरकी झाली की रझियाबींनी पुढच्या सीटचा दांडा जो धरला, तो वर पोचेपर्यंत सोडला नाही. जीप चालवणारा कोंडीराम तिथलाच, मावळातला गडी. आरशातून बघून म्हणाला, "मावशी, दांडा सोडा. त्यो आधीच हालतोय. हातात यील तुमच्या."

"येऊ दे," रझियाबी डोळे मिटूनच म्हणाल्या, "पडले तर निदान हातात काहीतरी असेल."

सगळी जीप हसली. सगळ्यात जास्त हसल्या त्या पद्मजाबाई. मागच्या बाकावर, मांडीवर मटारच्या करंज्यांचा डबा आणि पायांत चहाचा थर्मास धरून बसल्या होत्या. ही सगळी उठाठेव त्यांचीच ना! त्यांना सत्तर पूर्ण झाली होती, आणि त्या निमित्ताने त्यांनी आपल्या तिघा जुन्या सोबत्यांना हवेत उडवायला आणलं होतं.

आता सत्तरीला माणसं काय करतात? एखादा हॉल घेतात, सत्तर दिवे लावून ओवाळतात, श्रीखंड खातात आणि घरी जाऊन गॅसची गोळी घेतात. त्यांच्या मुलाने, आमोदने, वाघोलीत घराजवळ तसा हॉल बघूनही ठेवला होता. पद्मजाबाई म्हणाल्या, "मला नको. मला वरून खाली बघायचंय."

"मग विमानाने गोव्याला जा ना आई."

"विमानाची खिडकी पोळपाटाएवढी. तीही शेजारच्याच्या वाट्याला. मला सगळं बघायचंय, गोल फिरून."

हे वेड कुठून आलं ते सांगितलं पाहिजे. पद्मजाबाई पाटबंधारे खात्यात ट्रेसर होत्या. सरकारी भाषेत अनुरेखक. इंजिनियर लोक पेन्सिलीने नकाशे काढायचे, त्यावर मेणचट निळसर कापड ताणून बसवायचं आणि काळ्या शाईने रेघ न् रेघ उतरवायची, हे काम. पहिल्या वर्षी त्यांच्या हाताखाली पवना धरणाचे जुने, घड्यांवर चिरलेले नकाशे आले. डोंगरांच्या उंचीच्या त्या रेषा असतात ना, कांद्याच्या पाकळ्यांसारख्या एकात एक, त्या उतरवता उतरवता बाईंना तो सगळा मावळ पाठ झाला. कुठली टेकडी कुठे पोट काढून बसलीय, पाणी कुठल्या खिंडीत बोट घालतं, कुठलं गाव पाण्याखाली गेलं आणि कुठलं काठावर राहिलं, सगळं. पण प्रत्यक्ष? प्रत्यक्ष एकदाही नाही. साइटवर जीप जायची ती साहेबांना घेऊन. बाईमाणसाला न्यायची पद्धत नव्हती. साहेब परत आले की बाई विचारायच्या, "दिसतं का हो तसंच?" साहेब म्हणायचे, "पद्मजाबाई, जमिनीवरून कुठलं दिसायला! तुम्ही काढता ते पक्ष्याला दिसतं."

ते वाक्य बाईंनी जपून ठेवलं, निवृत्त झाल्या तरी.

दादामियाँ त्याच कचेरीत, खालच्या मजल्यावर छपाईच्या मशीनवर. बाईंच्या नकाशांच्या निळ्या प्रती तेच काढायचे. अमोनियाचा तो वास! वीस वर्षं त्या वासात उभं राहून त्यांचं नाक जे गेलं ते गेलंच. घरी दूध उतू जाऊन करपलं तरी शांतपणे पेपर वाचत बसायचे, म्हणून त्यांची बायको, म्हणजे रझियाबी, त्यांना बोलायच्या, "तुमच्या नाकावर निसता चष्मा ठेवायचा, दुसरं काय काम नाही त्याला." आणि चौथ्या कल्याणीबाई, आस्थापना शाखेतल्या. ह्यांची जीभ अशी, की रजेचा अर्ज घेऊन गेलेला माणूस रजा न घेताच परत यायचा.

तर अशी ही चौघं, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी, कामशेतच्या पुढे टेकडीवर पोचली. माथ्यावर सपाट माळ, गवत पिवळं पडलेलं, आणि टोकाला एका काठीला बांधलेला नारिंगी कापडी मोजा. तो वाऱ्याने फुगला की वारा किती आणि कुठून ते कळतं. समोर दरी. पण धरणाचं पाणी दिसत नव्हतं. मधे टेकडीची एक सोंड आडवी आलेली. पद्मजाबाईंना ते माहीत होतंच. ती सोंड त्यांनी स्वतःच्या हाताने तीनदा काढली होती. जमिनीवरून पाणी दिसणार नाही. पाय सुटले की दिसेल.

आणि एक गोष्ट त्यांना एकट्यांनाच माहीत होती.

सोमवारी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मोतीबिंदूचं, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. आमोदलाही. मोतीबिंदू म्हटलं की लोक काळजी करत नाहीत, उलट काळा चष्मा छान दिसेल म्हणतात. पण तो मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. डावा डोळा गेलेलाच होता, कधी गेला ते बाईंना कळलंही नव्हतं. उजव्याच्या कडा गेल्या होत्या. मधलं तेवढं राहिलं होतं, नळीतून बघावं तसं. डॉक्टर म्हणाले होते, "घरचं कुणीतरी घेऊन या."

"मुलगा वाघोलीला असतो," बाई म्हणाल्या होत्या, "म्हणजे परदेशातच धरा. ट्रॅफिक बघता."

डॉक्टर हसले नव्हते. "हे ऑपरेशन गेलेलं परत आणायला नाही. आहे ते धरून ठेवायला आहे. धरलं जाईलच असं नाही. एखाद्याचं उरलेलंही जातं. आणि नंतर धावणं, वाकणं, धक्का, उंचावर जाणं, सगळं बंद." रविवारी दुपारी भरती व्हायचं होतं. म्हणजे हा शनिवार. बघायचं ते आज.

का नाही सांगितलं कुणाला? अहो, सांगितलं की लगेच हातातला चहाचा कप काढून घेतात. "तुम्ही बसा" म्हणतात. पद्मजाबाईंना त्या "तुम्ही बसा"ची ऑपरेशनपेक्षा जास्त भीती होती.

उडवणारा पायलट तेजस. तिशीचा, दाढीवाला, उन्हाने भाजलेला. पॅराग्लायडिंगची ती दोन माणसांची मोठी छत्री असते. पुढे पाहुणा बांधायचा, मागे पायलट, आणि टेकडीच्या उताराने दोघांनी पळत सुटायचं. छत्री वर आली की जमीन आपोआप सुटते. एरवी दोन पायलट असतात, पण दुसरा लोणी काळभोरला भावाच्या लग्नाला गेलेला. "सो, एकेक करून," तेजस म्हणाला. "खाली खाचरात उतरायचं, कोंडीरामभाऊ जीपने वर आणतील, मग नेक्स्ट. वारा आत्ता एकदम परफेक्ट आहे. पहिलं कोण? बर्थडे गर्ल?"

"पद्मजा!" तिघंही एकदम ओरडले.

बाईंनी तोंड उघडलं. 'मी' म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. ते तोंडात आलंही होतं. आणि बाहेर काय पडलं?

"छे! मी कशी? मी बोलावलंय तुम्हाला. आधी तुमचं होऊ दे."

घरी पंगत असली की यजमान शेवटी बसतो, हे कुणाला सांगायला नको. पण पद्मजाबाईंच्या अंगात ते असं मुरलं होतं की पंगत नसली तरी त्या शेवटी. कचेरीत नव्या खुर्च्या आल्या, तेव्हा सगळ्यांच्या बदलून झाल्यावर एक कमी पडली. बाई निवृत्तीपर्यंत जुन्या खुर्चीवर उशी घालून बसल्या. कल्याणीबाई तर शपथेवर सांगायच्या, "हिच्या लग्नात मी होते. नवरी कुठेय, नवरी कुठेय म्हणून शोधाशोध. ही बया शालू खोचून पंगतीत लोणचं वाढत होती! नवरदेव पानावर एकटाच, उखाणा कुणासाठी घेऊ म्हणत."

"ते लोणचं वाढणारा मुलगा पळून गेला होता," बाई म्हणाल्या.

"मग लोणचं न खाता लोक मेले असते का? जा गं पद्मे, जा पहिली."

"तू जा. तुला संध्याकाळी बीपीची गोळी असते."

गोळीपुढे काय बोलणार? कल्याणीबाईंनी शिरस्त्राण चढवलं, पदराऐवजी ओढणी खोचली, आणि तेजसने "पळा पळा पळा, बसायचं नाही काकू, पळा!" असा गजर केल्यावर चार पावलांत गेल्या. आस्थापना शाखेतून कुणी कधी ऐकली नसेल अशी किंकाळी दरीभर झाली. दहा-पंधरा मिनिटांनी खाली उतरल्या, जीपमधून वर आल्या, त्या केस पिंजारलेल्या आणि गालांवर लाली. "माझ्या लग्नापेक्षा बरं," एवढंच म्हणाल्या.

मग रझियाबी. त्यांना बांधलं, त्यांनी सोडायला लावलं. परत बांधलं. मग म्हणाल्या, पाणी प्यायचंय. मग दुआ म्हणायला लागल्या, ती संपेना.

दादामियाँ म्हणाले, "बेगम, एवढी लांब दुआ ऐकून फरिश्ते स्वतः न्यायला येतील. मग छत्री लागायची नाही."

"तुम्ही गप बसा. तुम्हाला धोक्याचा वास तरी येतो का?"

अर्धा तास असा गेला. तेजस मोज्याकडे बघत होता. पद्मजाबाईंकडे वळून हळूच म्हणाला, "काकू, तुम्ही जाता का मधे? आँटींना थोडं सेटल होऊ दे."

दुसऱ्यांदा विचारलं, बरं का. बाईंचे पाय खरोखर दोन पावलं पुढे गेले. तेवढ्यात रझियाबींनी त्यांच्याकडे बघितलं, पंगतीतून उठवलेल्या मुलासारखं. आणि बाई म्हणाल्या, "नको रे. आता मधे मी गेले तर ती उडायचीच नाही. चल रझिया, मी धरते तुझा हात. टोकापर्यंत."

आणि धरला. टोकापर्यंत नेलं आणि सोडला. रझियाबी गेल्या.

जीपमधून परत आल्या त्या जवळजवळ धावत. बाईंच्या शेजारी गवतात बसल्या, बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला. "पद्माताई, तुमचा नकाशा! तो तुम्ही दिवाळीला आम्हाला दिला होता ना, फ्रेममधला? तोच होता खाली. अल्ला कसम, तोच. फक्त पाण्याला रंग होता."

"कसला रंग?" बाईंनी पटकन विचारलं.

"आता... मोरपिशी म्हणा. कडेला तांबडा. तुम्ही बघालच की आत्ता."

"हो. बघीनच."

मग दादामियाँ गेले. आणि काय वारा होता म्हणता! छत्री खाली जायच्या ऐवजी वर. तेजसने त्यांना सोंडेवरून आडवं नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. वरून दादामियाँचा आवाज यायचा, "बाई! ओ बाई!" कल्याणीबाई बोट दाखवत होत्या, "ते बघ, ते बघ, हात हलवतायत." पद्मजाबाईंनी आपली नळी आभाळभर फिरवली. निळं, निळं, ढगाचा तुकडा, पुन्हा निळं. छत्री एकदा आली न् सटकली, परत सापडेना. मग त्यांनी आवाजाच्या दिशेला हात हलवला. दादामियाँ तेव्हा दुसरीकडे होते. "अगं इकडे!" कल्याणीबाई म्हणाल्या, "कुणाला टाटा करतेस, घारीला?"

"घारीलाच. तीही वरच आहे," बाई म्हणाल्या. मनात मात्र म्हणत होत्या, आता उतरवा हो त्यांना. पुरे झालं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या पानावरून घास काढावा असं त्यांना वाटलं, आणि लगेच लाजही वाटली.

दादामियाँ उतरले, वर आले, तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. बाईंना बांधलं. पोटावर पट्टा, मांड्यांना पट्टे, डोक्यावर शिरस्त्राण. मागे गवतावर छत्री पसरली. करंज्यांचा डबा कल्याणीबाईंकडे दिला. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. त्या तयार होत्या.

नारिंगी मोजा काठीला चिकटून लोंबला.

"पाच मिनिटं," तेजस म्हणाला.

पाचाची दहा झाली. मोज्याचं शेपूट जरा हललं, सगळे उभे राहिले, पुन्हा पडलं. कोंडीराम उकिडवा बसून गवताची काडी चावत होता. म्हणाला, "खळ्यावर उपणताना बी असंच हाय. पाटी डोक्यावर घिऊन उभं ऱ्हायचं, वारा यीना. आमची म्हातारी शिट्टी वाजवायची वाऱ्याला बोलवाया."

"मग वाजवा शिट्टी," कल्याणीबाई म्हणाल्या.

कोंडीरामने वाजवली. दादामियाँनीही वाजवली. रझियाबींना वाजवता येईना, नुसतीच फुंकर निघाली, आणि सगळे हसले. पद्मजाबाईही हसल्या, पट्ट्यांत जखडलेल्या, पाय उताराकडे करून.

आणि आला की हो वारा. मोजा फुगला, चांगला तट्ट फुगला. फक्त तोंड फिरवून. दरीतून वर यायच्या ऐवजी पाठीमागून, टेकडीवरून दरीत. छत्रीची कड फडफडली आणि बाईंच्या टाचांवर येऊन पडली.

तेजसने मान हलवली. "बॅक विंड. मागून आला की छत्री वर चढतच नाही काकू, आपण मात्र खाली जातो. थोडं थांबू."

थांबले. बाईंनी बसायला नकार दिला. सोडून परत बांधायला वेळ जाईल म्हणाल्या. उभ्या राहिल्या, बांधलेल्या, समोरच्या सोंडेकडे बघत. तिच्यापलीकडे वीतभर अंतरावर ते पाणी होतं. मोरपिशी, कडेला तांबडं. तीनदा शाईने काढलेलं. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, तेव्हा मागून पट्टा ताणला गेला.

सूर्य डोंगरावर टेकला तेव्हा तेजस त्यांच्यासमोर आला आणि एकेक बकल सोडायला लागला. "सॉरी काकू. आज नाही होणार. उद्या-परवाही फोरकास्ट असाच आहे, मागचाच वारा. पण तुमचं उड्डाण माझ्याकडे लागू राहिलं. कधीही या."

"उद्या तिला भरती व्हायचंय," कल्याणीबाई म्हणाल्या. "सोमवारी मोतीबिंदू आहे."

"अरे मग बेस्टच ना!" तेजस खरंच खूश झाला. "ऑपरेशन झाल्यावर या. आणखी क्लिअर दिसेल. एचडी!"

"ऐकलंस ना? मग आपण मेमध्ये येऊ," कल्याणीबाई म्हणाल्या. "आणि तेव्हा तुला मी ढकलणार पहिली. तेव्हा आमच्या सुरकुत्याही दिसतील तुला नीट, मग नाकं मुरडू नकोस."

"नाही मुरडणार," बाई म्हणाल्या.

तेजस छत्री गुंडाळायला लागला. कल्याणीबाई आणि रझियाबी जीपपाशी फोटो काढून घ्यायला गेल्या. पद्मजाबाईंनी गवतावर थर्मास उघडला, कागदी पेले मांडले आणि चहा ओतायला घेतला. दादामियाँ शेजारी बसले होते, डाव्या हाताला. त्यांनी आपला पेला पुढे केला. बाई तो दिसेना म्हणून दुसरा शोधत होत्या. मान डावीकडे आणली, जरा जास्तच आणली, मग कोंबडी दाणा बघते तशी तिरकी करून नेमकी पेल्यावर धरली, आणि मग ओतलं. थोडा चहा दादामियाँच्या बोटांवर सांडला. त्यांनी हात मागे घेतला नाही.

दादामियाँचं नाक गेलं होतं, डोळे शाबूत होते. त्यांच्या अब्बांची मान शेवटी शेवटी अशीच वळायची.

"पद्माबाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मोतीबिंदूत मान अशी वळत नाही."

बाईंनी थर्मासचं झाकण लावलं. "हळू बोला. कल्याणी ऐकेल."

"काचबिंदू?"

"डावा गेला. उजवाही जवळजवळ. सोमवारचं नुसतं बघायचं, काही उरतं का."

"म्हणजे मे वगैरे..."

"मे नाही."

दादामियाँनी पेला गवतावर ठेवला. दरीत खाली खाचरं काळी पडत चालली होती. जीपजवळ रझियाबी मोठ्याने हसत होत्या, कल्याणीबाई त्यांना दात दाखवू नका म्हणत होत्या.

"मी अर्धा तास वर भटकत होतो," दादामियाँ म्हणाले. "तुम्हाला हाका मारत होतो. तुमचं होतं ते. त्या पोराने तुम्हाला दोनदा विचारलं, बाई. दोनदा. पहिल्या का नाही गेलात? उद्या पहाटे येऊ आपण, मी आणतो तुम्हाला, आमोदला काहीतरी सांगू. वाऱ्याचं काय, कुणी बघितलंय, फिरेलही."

पद्मजाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे मान तिरकी करून त्यांना शोधलं, सापडल्यावर तिथेच धरलं.

"नका आणू. दोनदा विचारलं ना त्याने, दोन्ही वेळा तोंडातून तेच आलं. उद्या वारा आला आणि मला तिथे नेऊन उभं केलंत, तरी मी रझियालाच पुढे करीन, माझं मला माहीत आहे. तुम्ही चहा घ्या दादामियाँ, गार होतोय."